दुखणं वर चढतंय की खाली उतरतंय?

तासगाव तालुक्यातल्या एका ४२ वर्षांच्या द्राक्षबागायतदारांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: एल-४ एल-५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून उजवा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत ठणकत होता. मिरजेत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आज १९ दिवस झाले. पहिले दहा दिवस पाय एकदम हलका. आता संध्याकाळ झाली की कुल्ल्यात आणि मांडीत ओढ लागते, पायाचा अंगठा अजून बधिर आहे. ऑपरेशन फेल गेलं का? घरचे खाटेवरून उठू देत नाहीत. आई म्हणते, पायाळू माणसाचा पाय लावून घे. पट्टा किती दिवस बांधू? मोटरसायकल कधी? आणि छाटणी तोंडावर आली आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ऑपरेशन फेल गेल्यासारखं मला वाटत नाही. आधी घोट्यापर्यंत जाणारी कळ आता मांडीत येऊन थांबते. म्हणजे दुखणं वर चढलंय, आणि आमच्या धंद्यात ही चांगली बातमी असते.

मी मिरजेत २२ वर्षं फिजिओथेरपी करते. पेशंट आत आला की "किती दुखतंय" हा प्रश्न मी शेवटी विचारते. आधी म्हणते, बोट लावून दाखवा, कुठपर्यंत दुखतंय. कारण "किती" हे माणसागणिक बदलतं. एकजण सुई टोचली तरी घर डोक्यावर घेतो, दुसरा पाय ओढत उसाला पाणी पाजून येतो. "कुठपर्यंत" मात्र सहसा फसवत नाही. दबलेली नस मोकळी व्हायला लागली की कळ आधी घोट्यातून जाते, मग पोटरीतून, मग मांडीतून, आणि शेवटी कमरेत नुसता जडपणा उरतो. कित्येकांची कंबर या काळात आधीपेक्षा जास्त दुखते आणि ते घाबरून पळत येतात. पोटरी मोकळी असेल तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवते. उलट एखादा हसत हसत सांगतो, "मॅडम, कंबर एकदम बरी, फक्त पाऊल जरा जड वाटतंय." त्याला मी लगेच टेबलावर घेते.

तर तुमच्यासाठी पुढच्या तीन महिन्यांचा नियम एवढाच. कोणतंही काम, कोणताही व्यायाम, कोणतीही बैठक केल्यावर बघायचं, दुखणं वर चढलं की खाली उतरलं. वर सरकलं किंवा जिथल्या तिथं राहिलं तर चालू ठेवा. गुडघ्याखाली उतरायला लागलं तर ते काम आज बंद. दुसरी खूण दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. आज जे केलं त्याने संध्याकाळी थोडं दुखलं आणि रात्रीत निवळलं, तर मात्रा बरोबर होती. सकाळी उठल्यावरही तेवढंच दुखत असेल तर मात्रा जास्त झाली. मग पुढच्या दिवशी एक तृतीयांश कमी करा, पण बंद करू नका.

पहिल्या दहा दिवसांचा हलकेपणा गेला कुठं? तो बराचसा ऑपरेशनच्या वेळच्या आणि नंतरच्या औषधांचा असतो. ती कमी झाली आणि तुम्ही थोडं हिंडायला लागलात की कित्येक महिने चेपून सुजलेली नस कुरकुर करते. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात असं होणं नेहमीचं आहे. सर्जनने गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला, नस काही बदलली नाही. घट्ट बुटात दिवसभर आवळलेला पाय बूट काढल्याबरोबर ताजातवाना होत नाही, तसंच हे.

अंगठ्याचा बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. क्रम साधारण ठरलेला: आधी कळ जाते, मग ताकद येते, मग स्पर्श. एल-४ एल-५च्या गादीने सहसा एल-५ची नस दबते, आणि तिचा मुलूख म्हणजे पोटरीची बाहेरची बाजू, पावलाची वरची बाजू आणि अंगठा. नसेवरचं आवरणच दुखावलं असेल तर आठवड्या-महिन्यांत सुधारतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मीटरभर. हिशेब तुम्हीच करा. म्हणून रोज सकाळी अंगठ्याला चिमटा काढून बघू नका. महिन्यातून एकदा पुरे. काहींचा थोडा बधिरपणा कायमचा राहतो, पण त्याने चालणं अडत नाही.

ताकदीचं मात्र रोज बघायचं, त्याबद्दल शेवटी सांगते.

आता खाटेकडे येऊ. ऑपरेशनपेक्षा मला घरच्यांच्या मायेची जास्त धास्ती वाटते. काही वर्षांपूर्वी कराडकडचा एक तरुण ऑपरेशननंतर अडीच महिन्यांनी माझ्याकडे आला. अडीच महिने आईने त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. जेवण खाटेवर, आंघोळ पुसून, वर रोज डिंकाचा लाडू. ऑपरेशन उत्तम झालं होतं, नस मोकळी होती. पण मांड्यांची काठी झालेली, वजन सात किलोने वाढलेलं, आणि खुर्चीतून उठताना तो दोन्ही हातांनी हँडल धरायचा. त्याला "तू बरा आहेस" हे पटवायला मला ऑपरेशनच्या खर्चाइतका घाम गाळावा लागला. मणक्याला लागून दोन्ही बाजूंनी एक खोल स्नायू असतो, मल्टिफिडस. कंबर दुखायला लागली की तो आधीच वाळायला लागतो. त्यात खाट मिळाली की त्याचं काम संपलंच.

चालणं हे तुमचं पहिलं औषध. बहुतेक सर्जन ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच पेशंटला उभं करतात, ते उगाच नाही. आज १९व्या दिवशी तुम्ही दहा-दहा मिनिटं दिवसातून चार वेळा चालायला हवं. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत दोन मिनिटं वाढवा. सहा आठवड्यांच्या सुमाराला एका दमात अर्धा ते पाऊण तास चालता यावं. बांधावरून नको, डांबरीवरून. चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट. चालताना पाय ठणकला तर थांबून परत फिरा, खाटेवर झोपायला पळू नका. बसणं एका वेळी वीस ते तीस मिनिटं, मग उठून चार पावलं टाका.

खाटेवरून उठायची रीत मात्र नीट शिका, कारण बहुतेक लोक तिथंच कंबर पिरगाळतात. उताणे असताना आधी दोन्ही गुडघे वाकवा. खांदा आणि कुल्ला एकाच वेळी वळवून कुशीवर या, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं. वरचं धड आधी आणि पाय मागून असं नको. आता दोन्ही पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच क्षणी खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर दाबून बसते व्हा. पाय खाली जातात आणि धड वर येतं, पाणी शेंदायच्या रहाटासारखं. झोपताना हेच उलट क्रमाने. मी पेशंटकडून हे माझ्यासमोर दहा वेळा करून घेते. आठव्या वेळेला त्यांना कंटाळा येतो आणि दहाव्या वेळेला जमतं.

मणक्यातल्या गादीवरच्या दाबाचे आकडे शेतकऱ्यांना पटकन कळतात, म्हणून सांगते. जर्मनीत उल्म इथं १९९९ साली एका माणसाच्या गादीत बारीक सेन्सर बसवून दिवसभर दाब मोजला. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका, पण दिशा कळते. निजलेल्या माणसाचा दाब १ धरला तर उभं असताना ५, टेकल्याशिवाय सैल बसलं तर साधारण साडेचार. वीस किलोचं ओझं पाठ गोल करून उचललं तर २३. तेच गुडघ्यात वाकून उचललं तर १७. तेच ओझं अंगाशी धरून नुसतं उभं राहिलं तर ११, आणि हात लांब करून छातीपासून दोन फुटांवर धरलं तर १८. आता तुमच्या पाठीवरचा फवारणीचा पंप १६ लिटरचा, रिकाम्या पंपाचं वजन वेगळं. युरियाचं पोतं ४५ किलोचं. बसणं उभं राहण्यापेक्षा फार वाईट असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, ते आधीच्या मोजमापावरून. या मोजमापात दोन्ही जवळपास सारखंच निघालं. म्हणजे खरा शत्रू खुर्ची नाही. कमरेतून गोल होऊन वाकणं, त्यात पिळा आणि त्यात वजन, हे तिन्ही एकत्र आले की गादी मार खाते.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. रात्रीच्या झोपेत गादी पाणी ओढून फुगते आणि आतला दाब सकाळपर्यंत दुपटीहून वाढतो. म्हणून उठल्यापासूनचा पहिला तास वाकायचं नाही. चूळ भरताना बेसिनवर ओणवं होऊ नका, एक हात टेकवून गुडघे वाकवा. पहाटेची धार काढायचं काम तूर्तास दुसऱ्या कुणाला तरी द्या. उकिडवं बसून, पुढं झुकून, गार पहाटे, फुगलेल्या गादीवर. यापेक्षा वाईट मुहूर्त सापडणं अवघड.

गादीच्या कडेला जिथून तुकडा बाहेर आला तिथं भोक राहिलेलं असतं. गादीला रक्तपुरवठा नावापुरता, त्यामुळे ते भरायला आठवडे नाही, महिने लागतात. याच जागेतून पुन्हा तुकडा बाहेर येणं शंभरातल्या पाच ते पंधरा जणांच्या वाट्याला येतं, आणि ते पहिल्या काही महिन्यांत जास्त. माझ्या एका पेशंटने तेविसाव्या दिवशी विहिरीतली मोटर ओढायला हात लावला. एकट्याने नाही, चौघांसोबत, "मी फक्त दोर धरला होता" असं तो अजून म्हणतो. कळ घोट्यापर्यंत परत, दुसरं ऑपरेशन. मला या माणसाचा राग येत नाही. पंधराव्या दिवशी पाय हलका झाला की आपण बरे झालो असं कुणालाही वाटणारच. दुखणं हा आपला वॉचमन असतो, तो रजेवर गेला की चोरी होते.

व्यायामाला लोक फार लवकर किंवा फार उशिरा लागतात. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने याबाबतचे अभ्यास एकत्र करून तपासले. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी पद्धतशीर व्यायाम सुरू केलेल्यांचं दुखणं आणि अडचण, व्यायाम न केलेल्यांपेक्षा लवकर कमी झाली होती आणि व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त आली असं दिसलं नाही. पुरावा फार भक्कम नसला तरी माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. म्हणून चौथ्या आठवड्यापर्यंत चालणं आणि पुढे सांगते ते दोनच प्रकार करा, बाकीचं नंतर.

पहिला, पोट बांधणं. उताणे, गुडघे वाकवलेले. जुनी पँट घट्ट झाल्यावर बटण लावताना बेंबी जशी आत ओढता, तेवढीच ओढायची, पूर्ण ताकदीने नाही. दहा सेकंद धरा आणि त्या दहा सेकंदांत मोठ्याने आकडे मोजा. आवाज अडकला तर तुम्ही श्वास रोखलाय, चुकलं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा, घोट्याची हालचाल: पंजा नाकाकडे, मग दूर, पन्नास वेळा. पोटरीत रक्त साकळू नये म्हणूनही हा कामाचा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून कुल्ले उचलून पूल करणं, आणि मुलांना पाठीवर घेताना घोडा होतो त्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांबवणं. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडणार नाही इतकं संथ. नसेची सरकण म्हणून आणखी एक व्यायाम आहे. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. यात नस ताणायची नसते, नळीतून दोरी मागेपुढे सरकवावी तसं. हा मात्र कुणाकडून तरी समक्ष शिका, ऐकून करू नका. आणि सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, हलासन हे निदान तीन महिने पूर्ण बंद. दरवर्षी एखादा तरी पेशंट योगाला जातो म्हणून आनंदाने सांगतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. योगाला माझा विरोध नाही. पायाचे अंगठे धरण्याला आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट व्यायामासारखी दिसतच नाही: वाकायला शिकणं. बांबूची सरळ काठी घ्या, पाठीला उभी लावा. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकले पाहिजेत. आता कुल्ले मागं ढकलत पुढं झुका, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसायला जाताय असं समजून. तीनपैकी एक जागा काठीपासून सुटली की थांबा, तिथपर्यंतच तुमचं वाकणं. वाकायचं ते जांघेतून, कमरेतून नाही. ऊस तोडणाऱ्या बायकांतल्या काही जणी असंच वाकतात, कुणी शिकवलं नसताना. फडाच्या कडेला उभं राहून मी त्यांच्या पाठी बघत बसते आणि माझा नवरा गाडीत हॉर्न वाजवत असतो.

मोटरसायकल: सहा आठवडे नको. दुखणं गेलं म्हणून नाही, उजवा पाय ब्रेकवर वेळेत पोहोचतो का हे तपासल्यावरच. तुमची उजवी बाजू दबली होती, आणि मागचा ब्रेक उजव्या पायालाच आहे. सुरुवातीला गावातल्या गावात, स्पीडब्रेकर आला की फूटरेस्टवर किंचित उभं राहून. दवाखान्यात दाखवायला जाताना चारचाकीत पुढची सीट थोडी मागं कलवून, दर अर्ध्या तासाने उतरून. एसटीनेच जायची वेळ आली तर मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट सोडून मधली धरा. ट्रॅक्टर तीन महिने नको. त्याची सतत बसणारी थरथर गादीला दणक्यांइतकीच वाईट.

उकिडवं बसायचा संडास सहा ते आठ आठवडे टाळा. मेडिकल दुकानात कमोडची खुर्ची मिळते, ती देशी भांड्यावर बसते. जेवायलाही तोपर्यंत खाली मांडी घालून नको. नंतर बसाल तेव्हा कुल्ल्याखाली पाट किंवा घट्ट उशी घ्या म्हणजे कंबर गोल होणार नाही. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथणं या दिवसांत फार वाईट, तेव्हा पाणी आणि इसबगोल विसरू नका. शिंक आली तर भिंतीला हात लावून गुडघे सैल सोडा. नवरा-बायकोचा संबंध कधी, हे तुम्ही विचारलं नाही, कुणीच विचारत नाही, दारापर्यंत जाऊन परत येतात. तीन-चार आठवड्यांनंतर, दुखत नसेल तर हरकत नाही. तुम्ही उताणे, कमरेखाली छोटी उशी, घाई नको.

पट्टा तुमच्या सर्जनने सांगितला तेवढे दिवस. त्यांनी मुदत सांगितली नसेल तर विचारून घ्या. अशा साध्या ऑपरेशनला बहुधा प्रवासापुरता आणि गर्दीत जाण्यापुरता पट्टा पुरतो, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सुटावा अशी माझी धडपड असते. पट्ट्याने मणका धरला जातो असं लोकांना वाटतं. तो मुख्यतः "वाकू नकोस" अशी आठवण देतो. पट्टा बांधून पोतं उचलणारे बघितलेत मी.

पायाळू माणसाबद्दल. आईंना दुखवू नका. उसण भरली की पायाळूचा पाय लावायचा ही आपल्याकडची जुनी रीत, आणि उसण स्नायूंची असते, ती दोन-चार दिवसांत आपोआपही जाते, म्हणून रीत टिकली. पण तुमच्या मणक्याच्या मागच्या बाजूचं थोडं हाड आणि आवरण काढून आत वाट केलेली आहे. तिथं लाथ तर सोडाच, जोराचा अंगठासुद्धा नको. त्यांना म्हणावं, मॅडमनी पाय लावायला नाही, पाय चेपायला सांगितलंय, तेही फक्त तळवे. तेल लावून कंबर रगडणं, मणका "बसवून" देणारे, उलटं टांगणं, सगळं बंद. टाक्याची जागा पूर्ण भरली की सहाव्या आठवड्यानंतर व्रणावरून बोटाने हलकं तेल फिरवायला हरकत नाही.

फळीवर झोपा हा सल्लाही तुम्हाला चारजणांनी दिला असेल. जुन्या कंबरदुखीच्या तीनशेहून जास्त माणसांवर स्पेनमध्ये अभ्यास झाला, तो २००३ साली छापून आला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. ती माणसं ऑपरेशनची नव्हती, तरी फळीच्या बाजूने मला आजवर काही सापडलेलं नाही. घरातली दाबलेली कापसाची गादी चालते. कुशीवर झोपाल तेव्हा दोन गुडघ्यांत उशी.

मिसरी, तंबाखू, गुटखा यातलं काही असेल तर आत्ताच सोडा. निकोटीन जखमेचा रक्तपुरवठा आवळतं, ते ओढलं काय किंवा दाढेत धरलं काय. साखरेचा आजार असेल तर या तीन महिन्यांत साखर ताब्यात ठेवा, जखम चिघळण्याचं ते एक मोठं कारण आहे.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या मणक्यात स्क्रू-पट्ट्या बसवल्यात त्यांनी वरच्या तारखा स्वतःला लावू नयेत. तिथं दोन मणके हाडाने जोडायचे असतात, त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. वाकणं, वजन, पट्टा, सगळ्याचं वेळापत्रक वेगळं आणि ते सर्जनच ठरवतात. तंबाखूने हाड न जुळण्याचा धोका त्यांना जास्त.

आता छाटणी. यंदाच्या ऑक्टोबर छाटणीला तुम्ही कात्री धरायची नाही. मला कळतं की बागायतदाराला दुसऱ्याने केलेली काडी पसंत पडत नाही. मांडवाखाली खुर्ची टाकून बसा आणि काडी कुठं तोडायची ते दाखवा, दर वीस मिनिटांनी उठून एका ओळीची फेरी मारा. विरळणी आणि डिपिंगपर्यंत (घड औषधात बुडवण्यापर्यंत) तुमचे आठ-नऊ आठवडे होत आलेले असतील. मांडवाखालची ही कामं वरून सोपी दिसतात, पण मान आणि कंबर मागं कलवून तासन्तास उभं राहायचं असतं. तेव्हा अर्धा तास काम, मग दुसरं काम. एक पाय विटेवर, दर पाच मिनिटांनी पाय बदला. पाठीवरचा पंप आणि खताचं पोतं तीन महिन्यांआधी नाहीच. तीन महिन्यांनंतरही आधी पाच किलोचा डबा आठवडाभर, मग दहाचा, मग पंधराचा, आणि दर वेळी तीच तपासणी: सकाळी दुखणं वर आहे की खाली.

एमआरआय पुन्हा काढायचा हट्ट लगेच करू नका. पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशनच्या जागेची सूज तिथं गादीसारखीच दिसते आणि रिपोर्ट वाचून माणूस निष्कारण हादरतो. तसा संशय आला तर सर्जन शिरेतून औषध देऊन काढायला सांगतील, म्हणजे व्रण कोणता आणि नवा तुकडा कोणता ते वेगळं कळतं.

मात्र यातलं काही झालं तर ना माझी वाट बघा, ना सकाळची. लघवी तुंबली किंवा लागल्याचं कळेना, शी आवरेना, बसतो ती जागा आणि जांघ बधिर पडली, दोन्ही पायांतलं बळ कमी व्हायला लागलं, तर त्याच तासाला दवाखान्यात, रात्रीचे दोन असले तरी. टाक्यातून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप, उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, एक पोटरी सुजून गरम आणि दुखरी, तर त्याच दिवशी सर्जनला फोन. पोटरीच्या सुजेसोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत. आणि खोकताना किंवा काही उचलताना कळ एकदम पूर्वीसारखी घोट्यापर्यंत उतरली आणि दोन दिवसांत वर चढली नाही, तरी दाखवा. पायाच्या ताकदीचा मात्र एक दिवसही अंगावर काढायचा नाही.

ती बघायची तीन कामं आहेत, आज संध्याकाळीच करा. भिंतीला हात टेकून दहा पावलं दोन्ही टाचांवर चाला, चवडे उचलून. मग दहा पावलं चवड्यांवर. मग खाटेवर बसून दोन्ही अंगठे वर ओढा आणि बायकोला तिच्या बोटांनी दोन्ही एकदम खाली दाबायला सांगा. उजवा डाव्यापेक्षा पटकन खाली गेला का? आणखी एक, आईंना विचारा, तुम्ही चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते का, किंवा पाऊल फरशीवर फट् वाजतं का. तुम्हाला ते कळणार नाही, घरातल्यांना ऐकू येतं. ऑपरेशनच्या आधीही उजवा कमजोर होता का हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असेल, ते शोधून ठेवा. आधीपेक्षा कमी भरला तर उद्याच सर्जनकडे जा. तेवढाच असेल किंवा सुधारला असेल तर चौथा आठवडा भरला की कागद घेऊन या, येताना ती बांबूची काठी पण आणा.